ड्रॉप हँडल, वायरची डिस्क आणि ‘पुल’ची भानगड

बेळगावात सायकलच्या डिस्क ब्रेकला दोनच नावं आहेत: वायरची डिस्क आणि ऑइलची डिस्क. कंपनीच्या कागदावर त्यांना मेकॅनिकल आणि हायड्रॉलिक म्हणतात. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. ओ-रिंग आणि ऑइल सील हाताळत वाढलेल्या या गावात रोडबाईकवाल्यांनी ऑइलच्या डिस्कवर उड्या मारायला हव्या होत्या. पण माझ्या ओळखीत जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याकडे जाणारे बहुतेक जण अजून वायरवरच आहेत. कणकुंबीत वायर तुटली तर पिशवीतली दुसरी घालता येते. ऑइल गळलं तर टेंपो शोधावा लागतो.

त्याआधीचं थोडक्यात. दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल, मग मेंढ्याच्या शिंगांसारख्या, म्हणजे ड्रॉप हँडलची रेसर, तिला रिम दाबणारे कॅलिपर. उन्हाळ्यात त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खोट कळायची ती पावसात. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या टापूत जुलैचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहत येते, ब्रेकच्या गुटक्यात रुतते आणि रिम कानशीनं घासल्यासारखी झिजते. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं, मग कुठे सायकल थांबायचं मनावर घेते. आणि कोरड्या दिवसांत चोर्ला उतरून केरीला पोचेपर्यंत रिम एवढी तापायची की ट्यूबची काळजी वाटायची.

डिस्कने हा सगळा खेळ रिमवरून चाकाच्या मधल्या हबजवळ, तिथे बसवलेल्या तबकडीवर नेला. माउंटन बाईकवर ती १९९० च्या दशकात रुळली. रोडबाईकवर यायला उशीर झाला, कारण शर्यतींच्या नियमांत तिला जागा नव्हती. चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींना २०१० मध्ये परवानगी मिळाली आणि ड्रॉप हँडलला डिस्क जोडायची गरज एकदम उभी राहिली. ड्रॉप हँडलचे ऑइलवाले लिव्हर तेव्हा सहज मिळत नव्हते. म्हणून वायर. घोळ इथून सुरू होतो.

घोळ ‘पुल’ या एका शब्दाचा आहे. लिव्हर पूर्ण दाबल्यावर आतली वायर किती सरकते, तो पुल. जुने रोडचे लिव्हर वायर थोडीच ओढतात, पण जोरात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर माउंटन बाईकला व्ही-ब्रेक आले. त्यांचे हात लांब, त्यामुळे त्यांना वायर जवळपास दुप्पट ओढून लागते. माउंटनच्या डिस्क कॅलिपरनी (तबकडी चिमटणाऱ्या भागांनी) तोच लांब पुल गृहीत धरला. परिणामी दिसायला सारखेच दोन कॅलिपर, एकावर ‘रोड’ आणि दुसऱ्यावर ‘एमटीबी’ (माउंटन बाईक), पण आतला हिशेब वेगळा. वायर दोघांनाही बसते. काउंटरवर नुसतं ‘डिस्कचा कॅलिपर द्या’ म्हटलं तर हाताला लागेल तो मिळतो.

रोडच्या लिव्हरला एमटीबी कॅलिपर लावला तर ब्रेक आधी फार गोड वाटतो. मऊ, बोटांना जोर लागत नाही. स्टँडवर चाक फिरवून बघणारा खूश होतो. पण पॅड, म्हणजे तबकडी दाबणारे गुटके, पुरेसे पुढे सरकतच नाहीत, आणि थोडे झिजले की लिव्हर थेट हँडलला टेकतो. उलट केलं, म्हणजे सपाट हँडलच्या लांब पुलच्या लिव्हरला रोडचा कॅलिपर जोडला, तर लिव्हर लाकडासारखा लागतो आणि सायकल मात्र निवांत पुढे जात राहते. पहिली चूक मी स्वतः केली आहे. आंबोलीच्या उतारावर लिव्हर टेपला टेकला, तेव्हा वायर सैल झाली असं समजून मी रस्त्याकडेला वायर ताणायचा बॅरल पिळत बसलो होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर ‘रोडला रोड’ हा नियम पुरला असता. पण २००८ मध्ये एका मोठ्या जपानी कंपनीने आपल्या सर्वांत वरच्या रोड संचात लिव्हरचा पुल वाढवला आणि पुढे तो खालच्या संचांतही उतरत गेला. म्हणजे जुना रोड वेगळा, नवा रोड वेगळा, आणि व्ही-ब्रेकचा पुल या दोघांहून लांब. कंपनीने नव्या मापाला वेगळं नाव दिलं होतं खरं, पण ते जुळणीच्या तक्त्यातच राहिलं. दुकानात आजही सगळं ‘रोड’च. जुने लिव्हर जपून ठेवणाऱ्यांना हा निर्णय अजून खुपतो. नव्याला नवं जोडणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. माझ्या मते वायरच्या डिस्कची निम्मी बदनामी या एका न बदललेल्या शब्दामुळे झाली.

उरलेली निम्मी एकाच बाजूने हलणाऱ्या पॅडमुळे. सुरुवातीच्या बहुतेक कॅलिपरांत बाहेरचा पॅड वायरने पुढे येतो, आतला जागेवर बसून असतो, आणि रोटर, म्हणजे ती तबकडी, वाकून त्याला टेकतो. इथे बोल्ट सैल करा, लिव्हर दाबा, बोल्ट आवळा, एवढ्याने भागत नाही. स्थिर पॅड कॅलिपरवरची चाकी फिरवून, रोटरला घासणार नाही पण अगदी जवळ राहील, असा आणावा लागतो. पॅड झिजले की वायर ताणायची नाही, पुन्हा चाकीच. वायर ताणली की कॅलिपरचा हात आधीच अर्धा वर येऊन बसतो आणि खरा जोर द्यायच्या वेळी त्याला वाव उरत नाही. २०१३ च्या सुमारास दोन्ही पॅड हलवणारे वायरचे कॅलिपर आले, तसेच ओढायला वायर आणि दाबायला ऑइल असे मिश्र जातीचेही आले.

मोठ्या रोड शर्यतींत डिस्क चालू द्यायची का, हा वाद याहून जास्त गाजला. ऑगस्ट २०१५ पासून चाचणी झाली. एप्रिल २०१६ मध्ये दगडी रस्त्यांच्या शर्यतीत एका स्वाराच्या पायाला मोठी जखम झाली, दोष रोटरवर आला आणि चाचणी थांबली. रोटरच्या कडा गोल करून ती पुन्हा सुरू झाली, आणि जुलै २०१८ पासून पूर्ण मुभा मिळाली. तोवर ऑइलचे ड्रॉप लिव्हर स्थिरावले होते. (२०१३ च्या अखेरीस एका कंपनीला, कडक थंडीत सील निकामी होतात म्हणून, रोडचे हायड्रॉलिक ब्रेक परत मागवावे लागले होते. बेळगावच्या थंडीचं कौतुक कितीही केलं तरी ती पाणी गोठवत नाही.) महागड्या सायकलींवरून वायर गेली आणि स्वस्तातल्यांवर राहिली.

त्यातून ‘वायर म्हणजे हलका माल’ असा समज पसरला. तो मला अर्धाच पटतो, कारण हलका असतो तो सायकलीबरोबर आलेला आउटर, म्हणजे वायर जिच्यातून जाते ती नळी. साध्या ब्रेक आउटरमध्ये तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. मागच्या चाकापर्यंतच्या लांबीत ते दाबलं जातं आणि लिव्हरचा तेवढा प्रवास फुकट जातो. ब्रेकसाठीचा न दबणारा आउटर वेगळा विकत घ्यावा लागतो. गिअरचा आउटरही दबत नाही म्हणून तोच ब्रेकला घालणारे महाभाग आहेत. ब्रेकच्या जोराने तो फाटू शकतो. स्वस्त सायकलींच्या बऱ्याच रोटरांवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असंही कोरलेलं असतं. पावसात टिकावेत म्हणून धातूचे पॅड आणणाऱ्याने ते आधी वाचावं.

परदेशातून आलेल्या काही सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. इथे मोटरसायकलच्या सवयीने तो उजव्या हाताला लागतो. ऑइलमध्ये ही अदलाबदल म्हणजे नळ्या सोडा, हवा काढा. मागच्या जूनमध्ये आमच्या मेस्त्रीने माझ्या सायकलीची बाजू बदलली. नवा आउटर कापला, त्याचं चेपलेलं तोंड जुन्या स्पोकच्या टोकाने उघडलं, कानशीने सपाट केलं, मग वायर सरकवली. दोनदा लिव्हर दाबून पाहिला आणि सायकल माझ्याकडे ढकलत म्हणाला, “राजहंसगडावर जाऊन या. वर जाताना नव्हे, खाली येताना बघा की.”