चित्रीकरणाआधी कॅमेऱ्याचे ‘ऑटो’ बंद करावे : नव्या व्हिडिओग्राफरांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे एडिटिंगसाठी जे फुटेज येते, त्यातील बराच भाग नुकताच कॅमेरा हाती घेतलेल्या ग्राहकांनी चित्रित केलेला असतो. मुलाखत असो, व्याख्यान असो किंवा एखाद्या उत्पादनाची ओळख असो, काम हाती घेतल्यावर ग्राहकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एकाच खोलीत, एकाच कॅमेऱ्याने, न थांबता घेतलेल्या शॉटमध्ये चेहऱ्याचा रंग मध्येच पिवळसर आणि मध्येच निळसर का दिसतो, हा पहिला प्रश्न. आणि ते सरळ करायला एवढा वेळ का लागतो, हा दुसरा. दोन्हींचे कारण एकच आहे : चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याची स्वयंचलित मापने चालूच राहिलेली असतात. रेकॉर्डिंग कसे सुरू करायचे, कार्ड कसे घालायचे, फोकस म्हणजे काय, एवढे आपणास ठाऊक आहे असे धरून पुढील माहिती दिली आहे.

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विन या एककात मोजतात. घरगुती पिवळ्या दिव्याचा प्रकाश साधारण २७०० केल्विनच्या आसपास असतो, दुपारच्या उन्हाचा ५५००च्या आसपास, आणि ढगाळ आकाशाचा त्याहूनही वर, म्हणजे अधिक निळसर. आपले डोळे आणि मेंदू हा फरक नकळत भरून काढतात, म्हणून पांढरा कागद आपल्याला सगळीकडे पांढराच दिसतो. कॅमेऱ्यात हेच काम व्हाइट बॅलन्स करतो. तो ऑटोवर असला की कॅमेरा चौकटीत दिसणाऱ्या रंगांवरून प्रकाश कोणता असावा याचा सतत अंदाज बांधत राहतो. मुलाखत देणाऱ्या व्यक्तीच्या मागून पिवळा सदरा घातलेले कोणी गेले, की प्रकाशच पिवळा झाला असा त्याचा समज होतो आणि तो संपूर्ण चित्र निळ्याकडे ओढतो. ती व्यक्ती निघून गेली की परत येतो. खोलीतला प्रकाश जराही बदललेला नसतो, पण चेहरा दोनदा रंग बदलून गेलेला असतो.

एक्स्पोजरचेही, म्हणजे चित्र किती उजळ किंवा गडद नोंदवायचे याचेही, तसेच आहे. चौकटीत काळा कोट घातलेली व्यक्ती आली की कॅमेरा चित्र उजळ करतो, तिने हातात पांढरा कागद धरला की तो चित्र गडद करतो. छायाचित्रात ही गोष्ट सहसा खटकत नाही, कारण प्रत्येक छायाचित्र स्वतंत्रपणे पाहिले जाते. व्हिडिओत मात्र आधीचा क्षण प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे थोडासा बदलही लगेच जाणवतो. आमच्या मते छायाचित्रणाकडून व्हिडिओकडे वळलेल्यांना ही अडचण अधिक येते, कारण ‘नंतर दुरुस्त करू’ ही त्यांची सवय छायाचित्रणात योग्यच होती. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या स्वरूपातील छायाचित्रात व्हाइट बॅलन्स केव्हाही बदलता येतो. बहुतेक कॅमेरे आणि फोन व्हिडिओ मात्र एच.२६४ किंवा एच.२६५ या संकुचित स्वरूपात साठवतात. त्यात व्हाइट बॅलन्स कापडात मुरलेल्या रंगासारखा चित्रात मुरून जातो. आठ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. आठ बिटच्या चित्राचा रंग फार ओढला, की आकाशात आणि भिंतींवर पट्टे दिसू लागतात आणि त्वचेचा पोत हरवतो.

आता वेळेविषयी, कारण तक्रार बहुधा तिथेच असते. संपूर्ण शॉटमध्ये रंग सारखाच चुकलेला असेल, तर तो दुरुस्त करणे सोपे असते : एक मापन बसवले की तेच सगळीकडे लागू होते, मग शॉट मिनिटभराचा असो की तासाभराचा. रंग शॉटच्या आतच बदलत असेल, तर तो कुठे बदलायला लागला आणि कुठे स्थिरावला हे शोधून प्रत्येक ठिकाणी वेगळे मापन बसवावे लागते, आणि त्यांच्यामधला प्रवास कॅमेऱ्याने केलेल्या बदलाच्या बरोबर उलट असावा लागतो. कॅमेरा हा बदल एकसारख्या गतीने करत नाही, त्यामुळे हे काम डोळ्यांनी, पुन्हा पुन्हा पाहूनच करावे लागते. म्हणूनच आम्ही फुटेज पाहिल्याशिवाय कामाचा अंदाज देत नाही, आणि शॉटच्या आत बदलणाऱ्या रंगाच्या दुरुस्तीची आकारणी वेगळी करतो. ही अट काही ग्राहकांना जाचक वाटते. परंतु सरसकट एकच दर लावला, तर ज्यांनी काळजीपूर्वक चित्रीकरण केले त्यांनाच इतरांच्या दुरुस्तीचा भार सोसावा लागेल, आणि ते आम्हाला योग्य वाटत नाही.

हे टाळायला चित्रीकरणापूर्वीची पाच मिनिटे पुरतात. प्रथम फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) घ्यायची ते, ठरवावा आणि संपूर्ण कामात तोच ठेवावा. २४, २५ किंवा ३० यांपैकी कोणताही चालेल, पण अर्धे काम एका गतीने आणि अर्धे दुसऱ्या गतीने नको. एखादे दृश्य संथ गतीत दाखवायचे असेल, तर तेवढेच ५० किंवा ६०वर घ्यावे. त्यानंतर शटरचा वेग (प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश किती वेळ आत येतो ते) फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट ठेवावा, म्हणजे २५ फ्रेमना १/५० सेकंद. त्याने हालचाल डोळ्यांना नैसर्गिक वाटते. मग ॲपर्चर (लेन्सचे तोंड किती उघडे आहे ते, एफ/५.६ अशा आकड्यात), आणि सर्वांत शेवटी आयएसओने (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे ते) उजेड जुळवावा. व्हाइट बॅलन्ससाठी ज्या ठिकाणी व्यक्ती बसणार आहे, त्याच ठिकाणी करडे कार्ड धरून कॅमेऱ्यातील कस्टम मापन घ्यावे. ते जमत नसेल, तर निदान केल्विनचा एक आकडा निवडून तो कायम ठेवावा. तो आकडा थोडा चुकला तरी चालेल. कायम चुकलेला रंग आम्ही सहज सरळ करू शकतो. एवढी एकच गोष्ट या माहितीपत्रकातून लक्षात राहिली, तरी आमचा आणि आपला पुष्कळ वेळ वाचेल.

इथे दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. अनेक ग्राहक सांगतात की त्यांनी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवला होता, तरीही उजेड वरखाली झाला. बहुतेक वेळा तपासल्यावर असे दिसते की मोड मॅन्युअल होता, पण आयएसओ ऑटोवरच राहिला होता. कितीतरी कॅमेऱ्यांत ही दोन वेगळी ठिकाणे असतात आणि मॅन्युअल मोड निवडल्याने ऑटो आयएसओ आपोआप बंद होत नाही. दुसरे कारण लेन्सचे असते. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सवर एफ/३.५–५.६ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ झूम आत नेला की लेन्सचे तोंड आकुंचन पावते आणि प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. अशा लेन्सवर सुरुवातीलाच एफ/५.६ ठेवावे, म्हणजे झूम कुठेही नेला तरी उजेड तोच राहतो.

दिव्यांखाली चित्रीकरण करताना चित्रावरून सरकणारे आडवे काळसर पट्टे दिसू लागले, तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. विजेच्या प्रवाहाबरोबर अनेक दिवे लुकलुकतात : ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा. पहिल्या ठिकाणी शटर १/५० किंवा १/१००, आणि दुसऱ्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० ठेवल्यास पट्टे सहसा नाहीसे होतात. हे पट्टे नंतर काढणे रंगदुरुस्तीपेक्षाही कठीण असते. खिडकीतला दिवसाचा उजेड आणि खोलीतला पिवळा दिवा हे दोन्ही चेहऱ्यावर पडत असतील, तर एका गालाचा रंग एक आणि दुसऱ्याचा दुसरा येणारच. कोणताही व्हाइट बॅलन्स दोघांना एकाच वेळी न्याय देऊ शकत नाही. पडदा ओढून घ्यावा किंवा दिवा बंद करावा.

भर उन्हात १/५० शटर ठेवले की चित्र पांढरेफटक होते, आणि तिथे पुष्कळजण शटर १/२००० वर नेतात. त्याने उजेड आटोक्यात येतो, पण चालणारी माणसे तुटक, झटके दिल्यासारखी दिसतात. यावर उपाय एनडी फिल्टरचा आहे, जो रंग न बदलता केवळ प्रकाश कमी करतो. एनडी८ प्रकाशाचा आठवा हिस्सा आत सोडतो, म्हणजे तीन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). कडक उन्हासाठी एनडी६४ अधिक उपयोगी, तो सहा स्टॉपचा असतो. नवशिक्याने दुसरी लेन्स घेण्याआधी एक चांगला एनडी फिल्टर आणि एक भक्कम ट्रायपॉड घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन्ही वस्तू आमच्याकडे भाड्याने मिळतात, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी आपल्या कामाला त्या कशा उपयोगी पडतात हे पाहता येते.

फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांसाठीही नियम हाच आहे. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर कायम होतात. परंतु त्याने व्हाइट बॅलन्सही कायम झाला असे गृहीत धरू नये. तो बांधून ठेवण्याची सोय फोनमध्ये नसेल, तर व्हिडिओसाठीचे वेगळे कॅमेरा ॲप वापरावे.

ऑटोला सर्वत्र मनाईच करावी, असे मात्र आमचे म्हणणे नाही. चालत्या माणसामागे खोलीतून अंगणात जाणारा सलग शॉट घ्यायचा असेल, तर एक्स्पोजर ऑटोवर ठेवणेच व्यवहार्य ठरते. अलीकडच्या कॅमेऱ्यांतील चेहरा ओळखणारा ऑटो फोकसही पुष्कळ विश्वासार्ह झाला आहे आणि एकट्याने काम करणाऱ्याने तो अवश्य वापरावा. बसून केलेली मुलाखत, व्याख्यान, टेबलावर ठेवलेली वस्तू, अशा ठिकाणी प्रकाश बदलतच नाही; तिथे ऑटोची गरजही नसते, आणि नेमके हेच फुटेज आमच्याकडे सर्वाधिक बदलत्या रंगांसह येते.

आवाजाविषयी थोडक्यात सांगायचे, तर मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने घटतो, आणि बंद खोलीत त्या जागी भिंतींचा घुमारा अधिक ऐकू येऊ लागतो. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर पाच-पाच सेकंद कॅमेरा स्थिर चालू ठेवावा, म्हणजे एडिटिंगच्या वेळी शॉट जोडायला जागा मिळते.

फुटेज आमच्याकडे पाठवताना ते मेसेजिंग ॲपवरून पाठवू नये, कारण अशी ॲप्स सहसा फाइल लहान करतात आणि रंगांचा उरलासुरला तपशीलही त्यात जातो. कार्डवरचे संपूर्ण फोल्डर, नावे न बदलता, हार्ड डिस्कवर उतरवून द्यावे. काही कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे सुमारे ४ जीबीचे तुकडे करतात, आणि त्यांतला पहिलाच तुकडा घेऊन येणारे ग्राहक आम्हाला वारंवार भेटतात. पूर्ण फोल्डर दिले की हा प्रश्न उद्भवत नाही. जागेचा अंदाज आधीच घ्यावा : १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने एक तासाचे फुटेज ४५ जीबी होते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डवर दीड तासही मावत नाही. आम्ही तयार काम आपल्या हाती दिल्याची खात्री आपण करेपर्यंत कार्ड कृपया फॉरमॅट करू नये.

मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी, शक्य असल्यास त्याच जागी आणि त्याच वेळी, अर्ध्या मिनिटाचा नमुना शॉट घेऊन आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो विनामूल्य पाहतो आणि व्हाइट बॅलन्स, शटर, आवाज यांत काय बदलावे हे त्याच दिवशी कळवतो. नमुना शॉटमध्ये चित्रीकरणाला बसणारी व्यक्ती, किंवा तिच्या जागी दुसरे कोणी, बसलेले असावे आणि एकदा तरी त्या व्यक्तीने उठून चौकटीबाहेर जाऊन परत यावे. ऑटोचे काही चालू राहिले असेल, तर ते त्या एका हालचालीतच दिसून येते.