कॅबिनेटमधल्या हवेची वाट

पुढचे पंखे हवा आत घेणार, मागचा बाहेर टाकणार. कॉम्प्युटरचं नवीन कॅबिनेट घेताना हे आपण गृहीतच धरतो. पण ही मांडणी कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. पंखा कुठे बसवायला जागा आहे आणि उष्णता कुठे साचतेय, या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून ती चाळीस वर्षांत घडत गेली.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता आणि त्यावर साधा हीटसिंकही, म्हणजे उष्णता शोषून पसरवणारा धातूचा तुकडाही, नव्हता. पंखा एकच, तोही पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीत. तो मागून हवा बाहेर फेकायचा आणि जाता जाता आतली गरम हवा ओढून न्यायचा. सप्लायच मुळात ६३.५ वॅटचा, त्यामुळे एवढ्यावर भागायचं. १९८४ चा मॅकिंटॉश तर पंख्याविनाच आला. गरम हवा वरच्या फटींतून आपसूक निघून जाईल, हा त्यामागचा हिशेब. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये मात्र पंखा द्यावाच लागला.

पुढे १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम प्रोसेसर आला आणि प्रोसेसरवर पंखा बसवणं नेहमीचं झालं. पण तो पंखा कॅबिनेटच्या डब्यातलीच हवा घुसळतो. डब्यातली हवा बदलणं हे त्याचं काम नाही.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना, म्हणजे कॅबिनेटमधले भाग कुठे आणि कसे बसवायचे याचा ठरलेला आराखडा, आणली, आणि या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग इथे घडला. मूळ आराखड्यात सप्लायचा पंखा उलटा होता: बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडायची. एका पंख्यात दोन कामं होतील, शिवाय डब्यात दाब वाढल्याने फटीफटींतून धूळ शिरणार नाही. कल्पना छान होती. पण ती हवा सप्लायमधून येताना तापूनच यायची, आणि तीच प्रोसेसरवर पडायची. पुढच्या आवृत्त्यांमध्ये पंखा पुन्हा बाहेर फेकणारा झाला. थंड हवा आधी सर्वांत तापणाऱ्या भागाला मिळाली पाहिजे, हा धडा तिथे पक्का झाला.

२००४ चे ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ प्रोसेसर तब्बल ११५ वॅटपर्यंत गेले. त्या सुमारास कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला प्रोसेसरसमोर, बाहेरची हवा थेट त्याच्या पंख्यापर्यंत नेणारं नळकांडं दिसू लागलं. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ अंशांवर जाऊ नये, असं इंटेलचं मार्गदर्शक माप होतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे माप खोलीतच ओलांडलं जातं, म्हणून आपल्याकडे कॅबिनेटमधल्या एकेका अंशाची किंमत जास्त. इंटेलने त्याच काळात बीटीएक्स ही नवी रचनाही पुढे केली. प्रोसेसर अगदी पुढे, आणि पुढून मागे सरळ रेषेत हवा. मग २००६ मध्ये ६५ वॅटचे कोअर २ ड्युओ प्रोसेसर आले, निकड संपली आणि बीटीएक्स मागे पडलं.

सरळ वाटेची कल्पना मात्र टिकली. अँटेकच्या पी१८० सारख्या कॅबिनेटांनी सप्लाय तळाशी नेला आणि त्याला वेगळा कप्पा दिला. साठवणीसाठी छोट्या चिपवाल्या एसएसडी आल्यावर हार्डडिस्कचे पिंजरे गेले आणि पुढची बाजू मोकळी झाली. ८० मिमीच्या पंख्यांची जागा १२० आणि १४० मिमीच्या पंख्यांनी घेतली. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, आवाज कमी करतो.

आज उष्णतेचं मुख्य ठाणं ग्राफिक्स कार्ड आहे. २०२० चं आरटीएक्स ३०८० एकटंच ३२० वॅट खातं. एकूण ५०० वॅट उष्णता निघत असेल आणि आतून जाणारी हवा १० अंशांनीच तापू द्यायची असेल, तर मिनिटाला सुमारे अडीच घनमीटर हवा बदलावी लागते. म्हणून पुढचा खालचा पंखा कार्डाच्या रेषेत हवा. वरच्या बाजूला अगदी पुढे बाहेर फेकणारा पंखा लावला, तर आत आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच निघून जाते. गरम हवा वर जाते हे खरं, पण तो ओढा इतका मंद असतो की पंखे त्याला सहज हरवतात.

पुढची बाजू काचेने बंद करण्याची हौसही मधल्या काळात येऊन गेली. आता जाळी परतली आहे. माझ्या जुन्या काचवाल्या कॅबिनेटच्या पुढच्या फटीपाशी अगरबत्ती धरली, तेव्हा धूर जेमतेम आत वळत होता. काच काढून पुन्हा धरली, तर धुराची रेघ सरळ आत गेली आणि क्षणात मागच्या पंख्यातून बाहेर आली.