अकरा जणांचा गुणाकार

२००३च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रियल माद्रिद या फुटबॉल क्लबने डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि क्लोद माकेलेलेला इंग्लंडच्या चेल्सी क्लबला विकून टाकलं. फिगो, झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो असे नामांकित खेळाडू आधीपासून होतेच. त्यांच्या मागे राहून समोरच्याचे हल्ले मोडायचे आणि चेंडू मिळाला की जवळच्या सहकाऱ्याकडे देऊन मोकळं व्हायचं, एवढंच माकेलेलेचं काम. त्याच्या नावाची जर्सी घ्यायला कुणी रांग लावत नव्हतं. नुकतीच स्पॅनिश लीग जिंकलेला हा संघ पुढच्या हंगामात चौथा आला आणि पुढचं लीग जेतेपद थेट २००७ साली मिळालं. तिकडे इंग्लिश लीगमध्ये चेल्सी २००४-०५मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन विजेता झाला. सगळा दोष एका विक्रीवर टाकता येणार नाही, कारण माद्रिदने त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक देल बोस्के यांनाही निरोप दिला होता. पण बडा घर पोकळ वासा म्हणतात तो प्रकार दिसायला फार वेळ लागला नाही.

याचं एक चांगलं स्पष्टीकरण अर्थशास्त्रातून येतं. १९८६मध्ये चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत नष्ट झालं. त्यामागे होती रॉकेटच्या सांध्यातली एक रबरी कडी, ‘ओ-रिंग’. बाकी हजारो भाग उत्तम असून उपयोग झाला नाही. मायकेल क्रेमर यांनी (अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर २०१९चं नोबेल मिळालेले हेच ते) १९९३मध्ये या कडीचं नाव देऊन एक सिद्धांत मांडला: काही कामांत माणसांच्या कौशल्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पुढे फुटबॉलच्या अभ्यासकांनी तो मैदानावर आणला.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाच पासांचा एक हल्ला धरा. प्रत्येक पास नीट जाण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर पाचही नीट जाण्याची शक्यता ५९ टक्के. आता पाचातला एक जण डळमळीत निघाला, त्याचा पास निम्म्याच वेळा जमतो; शक्यता उतरली ३३ टक्क्यांवर. मग क्लबने तिजोरी उघडली आणि उरलेल्या चौघांपैकी एकाच्या जागी ९९ टक्केवाला जादूगार आणला. फरक? ३३चे ३६. त्याऐवजी डळमळीत गड्याच्या जागी ९० टक्क्यांचा, चारचौघांसारखा खेळाडू आणला असता तर पुन्हा ५९. प्रत्यक्षात पास असे एकमेकांपासून सुटे नसतात आणि मेस्सीसारखा माणूस एकटा चौघांना चकवून हिशेबच उधळून लावतो. तरी पैसे कुठे घालावेत याची दिशा यातून कळते.

इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने नेमकं हेच केलं. २०१७-१८मध्ये त्यांनी लीगमध्ये ८४ गोल केले, पण ३८ खाल्ले आणि ७५ गुणांवर चौथे राहिले. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तर गोलरक्षकाच्या दोन ढोबळ चुकांनी घात केला. जानेवारी २०१८मध्ये कुटिन्योसारखा कल्पक खेळाडू विकताना त्यांना हळहळ वाटली असेलच, पण त्याच महिन्यात सुमारे साडेसात कोटी पौंड मोजून बचावपटू व्हॅन डाइक आला आणि उन्हाळ्यात गोलरक्षक अ‍ॅलिसन. पुढच्या हंगामात केलेले गोल ८९, म्हणजे जेमतेम वाढले. खाल्लेले गोल मात्र ३८वरून २२वर आले आणि गुण झाले ९७. डिसेंबर २०१८मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटसामन्यात नापोलीविरुद्ध लिव्हरपूलची १-०ची आघाडी असताना, भरपाई वेळेत नापोलीचा मिलिक गोलजाळ्यासमोर एकटा सुटला. अ‍ॅलिसन पुढे झेपावला, अंग पसरलं आणि फटका अडवला. तो गोल झाला असता तर लिव्हरपूल गटातच बाद होतं. सहा महिन्यांनी त्याच संघाने चॅम्पियन्स लीगचा चषक उचलला.

याची उलट बाजूही याच क्लबने दाखवली. २०२०-२१मध्ये व्हॅन डाइक, गोमेझ आणि मातीप हे तिन्ही मध्य-बचावपटू दुखापतींमुळे एकामागून एक हंगामाबाहेर गेले. आघाडीची फळी तीच होती, तरी गतविजेते घरच्या मैदानावर ओळीने सहा लीग सामने हरले. संघातला सर्वात कच्चा माणूस कोण, याचं उत्तर पहिल्या अकरांतच असतं असं नाही. तो राखीव बाकावरही बसलेला असतो.

मग नामांकित खेळाडू जमवणं घातकच का? २०१४च्या एका गाजलेल्या अभ्यासाने तसं म्हटलं होतं. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये एका मर्यादेपुढे प्रतिभा वाढली की कामगिरी घसरते, बेसबॉलमध्ये मात्र घसरत नाही, कारण तिथे खेळाडू एकमेकांवर कमी अवलंबून असतात. बातम्यांना हे फारच आवडलं. २०२१मध्ये दुसऱ्या गटाने बास्केटबॉलपुरती याची फेरतपासणी केली, तेव्हा ती घसरण टिकली नाही. प्रतिभेचा फायदा पुढे पुढे कमी होत जातो, पण तोटा होत नाही, असं दिसलं. मला हे दुसरं उत्तर जास्त पटतं. ज्या क्लबचा पगारावरचा खर्च मोठा, तो तक्त्यात साधारण वरच असतो, हेही अर्थतज्ज्ञांनी वारंवार दाखवलं आहे. सट्टेबाजांचा ५०००ला १ असा भाव असताना २०१६मध्ये इंग्लिश लीग जिंकलेलं लेस्टर सिटी आठवतं, कारण ते अपवाद होतं. आणि त्यांनीही तो हंगाम लीगमध्ये सर्वात कमी बदल करून, जवळजवळ ठरलेल्या अकरा जणांवर काढला होता.

मेस्सी, नेमार आणि एम्बापे एकत्र असताना पॅरिस सेंट-जर्मेन दोन्ही वर्षं चॅम्पियन्स लीगच्या उपउपांत्यपूर्व फेरीत बाद झालं. तिघेही गेल्यावर, मे २०२५मध्ये, त्यांनी अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० असं लोळवलं. गुणाकाराच्या सिद्धांताला याहून देखणं उदाहरण मिळणार नाही. पण त्याच मोसमात हा संघ साखळी फेरीत पंधरावा आला होता आणि बाद फेरीत लिव्हरपूलला त्याने हरवलं ते पेनल्टी शूटआउटवर.