‘सगळे आवाज मेल ब्लँकचेच’ हा गैरसमज

बग्ज बनी या सशाच्या जुन्या कार्टूनमधले सगळे आवाज एकट्या मेल ब्लँक या आवाज-कलाकाराचे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

१९४४ चा ‘लिटल रेड रायडिंग रॅबिट’ बघा. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग. लाल टोपीवालीच्या गोष्टीची ही धमाल फिरकी: आजी लॉकहीडच्या विमान कारखान्यात कामाला गेलेली, आणि टोपलीत खाऊऐवजी चक्क ससा! यात बग्ज ब्लँकचा, पण कानठळ्या बसवणारी ती मुलगी बिया बेनाडेरेटची. पुढे ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतली बेटी रबल झाली ती हीच. लांडग्याचा घोगरा आवाज बिली ब्लेचरचा. डिस्नेच्या १९३३ च्या ‘थ्री लिटल पिग्ज’मधला लांडगाही त्याचाच. केवढी मजेशीर निवड!

मग गैरसमज आला कुठून? श्रेयनामावलीतून. आवाजासाठी पडद्यावर नाव झळकलं ते फक्त ब्लँकचं; बाकीच्यांची नावं गाळलेली. बग्जच्या मागे लागणाऱ्या शिकारी एल्मर फडचा मूळ आवाज आर्थर क्यू. ब्रायनचा, तोही असाच झाकला गेला. ब्लँक थोर होताच, पण ही मुलगी पुन्हा एकदा कान देऊन ऐका. अर्धी गंमत बेनाडेरेटच्या त्या किंचाळण्यात आहे, आणि तिचं श्रेय तिलाच मिळायला हवं.