एलपीजीची गाडी म्हणजे चालता बॉम्ब?

‘मागे टाकी आहे, ठोकर बसली की उडालीच!’ या एका वाक्याने कित्येकांना एलपीजीपासून दूर ठेवलंय. भीती खोटी नाही, पण ती जुन्या टाक्यांची आहे. 1999 मध्ये फ्रान्सच्या वेनिस्यू इथे पेटवलेल्या गाडीची टाकी फुटली आणि आग विझवणारे जवान गंभीर जखमी झाले. त्या टाकीला जादा दाब बाहेर सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्हच नव्हता.

आजच्या प्रमाणित टाकीला तो असतो. आगीत दाब वाढला की गॅस थोडाथोडा बाहेर पडून जळतो, टाकी फुटण्याची वेळ सहसा येत नाही. स्टेपनीच्या जागेतली ती गोल टाकी एकदा हाताने ठोकून बघा: जाड पोलाद, पेट्रोलच्या टाकीपेक्षा कितीतरी दणकट. भरतानाही ती 80 टक्क्यांवर आपोआप थांबते, कारण तापल्यावर द्रव फुगतो, त्याला जागा लागते. इंजिन बंद पडलं की गॅसचा पुरवठाही बंद.

खरा धोका वेगळाच आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणूनच काही तळघरातल्या पार्किंगमध्ये या गाड्यांना मनाई असते. उग्र वास आला तर इंजिन चालू करू नका. आणि जुगाडू किट तर कधीच बसवू नका.