हृदयासाठी पेशी-प्रत्यारोपण : अर्ज कुठे, पात्र कोण, कागदपत्रं कोणती

हार्ट अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालं की 'स्टेमसेल (मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी) हृदयात सोडून घ्या' असं सांगणारे भेटतात. या उपचारासाठी कुठल्याही सरकारी योजनेचा फॉर्म नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी मूलपेशी फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासातच, वापरता येतात. म्हणजे अर्ज करायचा तो ट्रायलमध्ये नाव नोंदवण्यासाठी, आणि तिथे पेशींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कोणी लाखाचं पॅकेज सांगितलं तर तिथून उठावं.

सुरुवात सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळापासून करा. शोधशब्द इंग्रजीतच टाकावे लागतात. गावातल्या ई-सेवा केंद्रावरही हे काम होतं. बरेच जण इथेच फसतात, कारण सीटीआरआय क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे, ती फक्त नोंद आहे. त्याच पानावर खाली एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी, औषध महानियंत्रकांची परवानगी, भरती चालू आहे की बंद, आणि केंद्रांच्या यादीत तुम्हाला सांगितलेल्या हॉस्पिटलचं नाव आहे का, हे चारही पाहा. एक जरी जुळलं नाही तरी पुढे जाऊ नका. केंद्र मराठवाड्यात नसेल तर मुंबई, पुणे किंवा नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद गाठावं लागेल, हे धरून चाला.

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी. साधारणपणे इजेक्शन फ्रॅक्शन (इकोवरचा हृदयाच्या पंपिंगचा टक्का) 35 ते 40 टक्क्यांच्या खाली, औषधं नीट चालू असूनही दम लागणं, अँजिओग्राफी झालेली असणं, असं पाहतात. कॅन्सर, चालू संसर्ग, किडनीचा मोठा आजार असेल तर बहुधा नकार. हृदयाच्या ठोक्यांची तपासणी विशेष कडक असते. त्याला कारण आहे : 2000 मध्ये पॅरिसमध्ये मांडीच्या स्नायूतल्या पेशी वाढवून हृदयात सोडल्या गेल्या, पण त्या पेशी शेजारच्या स्नायूशी विजेच्या संकेतांनी जोडल्या जात नाहीत आणि काही रुग्णांत ठोके धोकादायकरीत्या बिघडले. म्हणून 24 तासांचं होल्टर (अंगाला यंत्र लावून ठोक्यांची नोंद) मागितलं तर टाळू नका. अस्थिमज्जेच्या (हाडांतल्या मगजाच्या) पेशींत हा धोका कमी दिसला. पण त्यातल्या बहुतेक काही दिवसांतच नाहीशा होतात आणि ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नाही.

सोबत डिस्चार्ज कार्ड, नुकताच केलेला इको, ईसीजी, अँजिओची सीडी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट आणि आधार घ्या. अँजिओचा नुसता कागद पुरत नाही, आणि सीडी बऱ्याचदा उघडत नाही. निघण्यापूर्वी एकदा कॉम्प्युटरवर लावून बघा. आधारवरचं आणि रिपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.

संमतीपत्र मराठीत मागा. घरी नेऊन घरच्यांसोबत वाचायला वेळ मागण्याचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. संमतीपत्रात वारसाचं नाव विचारतात; घाबरू नका, ते नुकसानभरपाईसाठी असतं. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा. ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येतं. कोणाला पेशी द्यायच्या आणि कोणाला नाही, हे गट चिठ्ठी पडावी तसे ठरतात, त्यामुळे प्रत्यक्षात पेशी मिळतीलच असं नाही. पुढच्या तपासण्या अनेक महिने चालतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांनी तारखा आधीच विचारून घ्याव्यात. फेरी चुकली की बिघाड लवकर लक्षात येत नाही.

ट्रायल मिळो न मिळो, चालू गोळ्या बंद करू नका. अँजिओप्लास्टी किंवा बायपास राहिलं असेल तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतं : योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा, पूर्वमंजुरीचं काम तिथूनच सुरू होतं.