मायग्रेशनला पत्ता कधी कळला?

टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सोलापुरातल्या आम्हा मंडळींचं २०१७ साल जीएसटीत गेलं. १ जुलैपासून जुने रकाने पुरेनात. सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि वर प्रत्येक मालाला एचएसएन कोड. (टॉवेलचा ६३०२, झोपेतून उठवलं तरी सांगेन.) रकाने वाढवायचे म्हणजे डेटाबेसची रचना बदलायची (अशा बदलाला मायग्रेशन म्हणतात), आणि कारखानदार म्हणायचे, "आधी दाखवा, मग चालू करा." म्हणून रेल्सच्या (वेबवरचं सॉफ्टवेअर बांधायच्या आमच्या सांगाड्याच्या) तयार तीन एन्व्हायर्नमेंटशेजारी, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या स्वतंत्र जागांशेजारी, आम्ही चौथं उभं केलं, 'डेमो'. ते उभं करताना जो त्रास झाला, त्याचं मूळ बरंच मागे आहे.

रचनेतला बदल पूर्वी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या एका फाइलमधून यायचा आणि सोबत निरोप असायचा, "सर्व्हरवर चालव." कुणी चालवली, कुणी विसरलं, कुणी दोनदा चालवली, याची नोंद कुठेच नाही. सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलर आणि प्रमोद सदालगे यांनी २००३ मध्ये लिहून ठेवलं की प्रत्येक बदल छोटा असावा, कोडसोबतच जपावा आणि क्रमाने लागू व्हावा. रेल्स आलं २००४ मध्ये, आपलं सोलापूर विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ते बेसकॅम्प हे कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवता बनवता त्यातून वेगळं काढलं होतं. २००५ मध्ये त्यात मायग्रेशन आलं आणि बदलाची फाइल रुबी या रेल्सच्याच भाषेत लिहिता येऊ लागली, पुढे जायला 'अप' आणि मागे यायला 'डाउन'.

सुरुवातीला या फाइलींना ००१, ००२ असे नंबर असत आणि डेटाबेसमधल्या 'स्कीमा-इन्फो' टेबलात फक्त शेवटचा नंबर लिहिलेला असे. जॅकार्डवर चादर विणताना भोकं पाडलेली कार्डं ओळीने शिवलेली असतात, तसंच हे. पण दोघांनी आपापल्या घरी बाराव्या नंबरचं कार्ड पाडून आणलं तर? आणि डेटाबेस पंधरावर पोहोचल्यावर मागाहून आलेली चौदा नंबरची फाइल सरळ वगळलीच जायची. जून २००८ मधल्या रेल्स २.१ ने नंबरांऐवजी चौदा आकडी वेळ आणली आणि 'स्कीमा-मायग्रेशन्स' टेबलात चाललेल्या प्रत्येक फाइलची वेगळी नोंद ठेवली. वेळ यूटीसीतली, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची, म्हणून आमच्याकडे पहाटे तीनला जन्मलेल्या फाइलीवर आदल्या दिवशीची तारीख असते. नवी पोरं अजून गोंधळतात.

काय चाललं आणि कोणत्या क्रमाने, हे इथवर सुटलं. कुठे चाललं, हे मात्र 'रेल्स-एन्व्ह' या एका व्हेरिएबलवर, म्हणजे टर्मिनलवर द्यायच्या नावावर, सोडलेलं होतं. ते दिलं नाही तर डेव्हलपमेंट. तयार मिळणारी एन्व्हायर्नमेंट तीनच, डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन. स्वतःचं मशीन आणि एक सर्व्हर एवढ्यावर भागणाऱ्या छोट्या टीमचं जग त्यात दिसतं. चौथ्याला मनाई कधीच नव्हती. डेटाबेसच्या सेटिंगच्या वायएमएल फाइलीत त्या नावाचा भाग लिहा, एन्व्हायर्नमेंटची फाइल करा, झालं. अडचण सवयींची आहे, कारण त्या सगळ्या तीन नावांना बांधलेल्या. डेटाबेसशी जोडणारं जेम (रुबीचं तयार पॅकेज) फक्त प्रॉडक्शनच्या गटात ठेवलं असेल, तर डेमोत ते लोडच होत नाही आणि मायग्रेशन पहिल्याच पायरीवर कोसळतं. 'मायग्रेशन बाकी आहे' हा लाल इशारा नव्या प्रकल्पात चालू असतो तो डेव्हलपमेंटमध्ये. प्रॉडक्शनची फाइल नकलून डेमो केलं की इशारा गेला. डेव्हलपमेंटची नकलली, तर दर मायग्रेशननंतर सर्व्हरवरची स्कीमा फाइल (टेबलांचा आराखडा) नव्याने लिहिली जाते आणि पुढच्या डिप्लॉयला, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवताना, कोडचे बदल सांभाळणारं गिट तक्रार करतं. कोणती नक्कल करावी यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. मी प्रॉडक्शनच्या बाजूचा.

डेटाबेसचं सॉफ्टवेअरही सगळीकडे एकच असावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये मध्येच फसलेलं मायग्रेशन सहसा पूर्ण मागे फिरतं. मायएसक्यूएलमध्ये तसं नाही, अर्धे रकाने वाढलेले आणि नोंद काहीच नाही, अशी अवस्था होते. डेमो एसक्यूलाइटवर ठेवून 'इथे तर चाललं' म्हणण्यात अर्थ नाही.

आता माझी चूक. जुलैच्या त्या धांदलीत आमचं रेल्स ४.२ वर होतं. दुपारी एका कारखान्याची अडचण सोडवताना टर्मिनलवर व्हेरिएबल प्रॉडक्शन करून ठेवलं आणि विसरलो. संध्याकाळी डेमो कोरा करायला त्याच खिडकीत स्कीमा लोड केला. ही आज्ञा असलेली टेबलं पाडून पुन्हा उभी करते. रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण दिवसभराची चलनं कागदावरून पुन्हा भरली, मी आणि तिथल्या मुनीमजींनी मिळून, रात्री एक वाजेपर्यंत.

यावरचा उपाय तेव्हा वर्षभर आधीच बाजारात आलेला होता, हे मला नंतर कळलं. जून २०१६ च्या रेल्स ५ ने डेटाबेसमध्येच एक छोटं टेबल ठेवलं, 'एआर-इंटर्नल-मेटाडेटा'. त्यात एन्व्हायर्नमेंटचं नाव लिहिलेलं असतं. टेबलं पाडणारी आज्ञा आली की नाव तपासलं जातं. प्रॉडक्शन असेल किंवा नाव जुळत नसेल, तर काम थांबतं. साधं मायग्रेट मात्र ही तपासणी अडवत नाही. त्याच आवृत्तीत दोन सर्व्हरवरून एकाच वेळी मायग्रेशन चालू नये म्हणून डेटाबेसचं कुलूपही आलं.

इतरांनी वेगळ्या वाटा काढल्या. पायथनच्या जँगोत अँड्र्यू गॉडविन यांचं साउथ हे मायग्रेशनचं साधन २००८ पासून होतं, ते काम २०१४ च्या १.७ आवृत्तीत मूळ फ्रेमवर्कमध्ये आलं. पीएचपीचं लाराव्हेल प्रॉडक्शनवर मायग्रेट करण्याआधी खात्री विचारतं. हेरोकू या क्लाउड सेवेच्या अ‍ॅडम विगिन्स यांच्या २०११ च्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर' मांडणीत तर नावांचे गटच नकोत, प्रत्येक सेटिंग सुटं बाहेरून द्या, असं आहे. नावं वाढत जातात, हे त्यांचं म्हणणं पटतं. आमच्याकडे डेमोनंतर 'जीएसटी' आणि 'ट्रेनिंग' आलंच.

रेल्स ५ ची संरक्षित यादी मुळात एकाच नावाची, प्रॉडक्शन. पुढे त्या आवृत्तीवर गेल्यावर आम्ही त्यात एक ओळ घालून डेमोही जोडलं, कारण दिवाळीच्या घाईत एका कारखान्याने खरी बिलं तिथेच करायला सुरुवात केली होती.